पृथ्वीची वाटणी आणि उरलेली लेकरे

एका राज्यात साऱ्या पृथ्वीवरचे रस्ते येऊन मिळत, आणि त्या रस्त्यांनी साऱ्या पृथ्वीवरची भांडणे चालत येत. कारण त्या राज्याचा राजा तुलासेन वाटणी करण्यात मोठा पटाईत होता. भावाभावांचे शेत असो, सवतींचे दागिने असोत, दोन गावांमधले तळे असो, राजा नुसती नजर टाकी आणि म्हणे, "इथून कापा." तिथून कापले की दोन्ही वाटे असे सारखे निघत, की भांडायला आलेल्यांचा हिरमोडच व्हावा. गुळाची ढेप तो डोळे मिटून दोन करी. राजाला याचा अभिमान होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. आपली वाटणी आजवर चुकली नाही, हे तो दरबारात सांगे, मुदपाकखान्यात सांगे, आणि राणी वेलावतीला तर रोज जेवताना सांगे.

"खरं आहे, महाराज," राणी म्हणे, आणि आपल्या ताटातली वडी हळूच त्याच्या ताटात सरकवी.

राजा पठारावरचा, राणी समुद्राकाठची. यात कोणाला नवल वाटत नसे. त्या काळी रीतच होती, की सून आणायची ती दुसऱ्या मुलखातली. पठाराने किनाऱ्याची आणावी, किनाऱ्याने कुरणाची, कुरणाने पठाराची, आणि जमेल तसे उलटसुलटही. नवरी येताना ओटीत माहेरचे मूठभर बियाणे बांधून आणी आणि सासरच्या परसात पेरी. ही रीत इतकी जुनी होती, की ही रीत आहे हेसुद्धा लोक विसरले होते.

राजाराणीला एकच लेक होती. तिचे नाव केतकी. दुधाचे दात पडायचे तिचे वय. ती बापासारखी मांडी ठोकून बसे आणि आईसारखी नाक मुरडे. भाकरी कालवणात बुडवून खाई, आणि तेच कालवण राजाच्या अंगरख्यावर सांडी. राजाच्या साऱ्या अंगरख्यांना तिचे डाग होते, आणि ते धुवायला टाकताना त्याच्या जिवावर येई.

असे सगळे सुखात चालले असता एकदा जगाची जत्रा भरली, आणि जत्रेत वाद पेटला. पाहुणा दारात आला तर त्याला आधी काय द्यावे? पठाराचे लोक म्हणाले गूळपाणी. किनाऱ्याचे म्हणाले शहाळे. कुरणाचे म्हणाले धारोष्ण दूध, आणि बाकीचे सारे रानटीपण. वाद वाढत गेला. ज्या पाहुण्यावरून तो सुरू झाला होता तो बिचारा तहानेने कंटाळून निघून गेला, आणि मागे यजमानांनी एकमेकांची डोकी फोडली.

तिन्ही मुलखांचे जाणते लोक डोक्याला फडकी बांधून राजापुढे आले.

"महाराज, आमचे एकमेकांशी जमत नाही," ते म्हणाले. "कोणी मांडी घालून जेवतो, कोणी उकिडवा. कोणी मेलेल्यासाठी मोठ्याने रडतो, कोणी गातो. आपण पृथ्वीची वाटणी करून द्या. ज्याचे त्याला लखलाभ."

राजाचे डोळे चमकले. आजवर त्याने शेते वाटली, तळी वाटली, पण अख्खी पृथ्वी कोणी वाटायला दिली नव्हती. त्याला आनंदाने जेवण गेले नाही.

दूत सुटले. घरोघरी प्रत्येक जाणत्या माणसाला विचारण्यात आले, "तुम्ही कोणाचे? भाकरीचे, भाताचे की दुधाचे?" लोकांनी क्षणभर डोके खाजवले आणि एका शब्दात उत्तर दिले. राणीलाही विचारले.

"भाताची," राणी म्हणाली. मग थोडे थांबून तिने राजाला विचारले, "महाराज, लेकरांचं काय?"

"लेकरांना मोजतात का कुठे?" राजा दचकून म्हणाला. "दृष्ट लागेल!"

आणि ते खरेच होते. त्या पृथ्वीवर लेकरांना मोजायची पद्धत नव्हती. कोणी किती मुले म्हणून विचारले, तर बाया 'आहेत देवाच्या दयेने' एवढेच म्हणत आणि विषय बदलत. त्यामुळे दूतांनीही अंगणात खेळणाऱ्या पोरांकडे पाहिले, गालाला हात लावून कडाकडा बोटे मोडली, आणि ते पुढे गेले.

आता सीमा आखायच्या होत्या. साध्या सीमा कोणीही पुसतो. म्हणून राजाने अर्गल नावाच्या मांत्रिकाला बोलावले. अर्गल उंच, वाळकुडा, आणि सदा मान खाली घालून बोलणारा. त्याच्या झोळीत जे भस्म होते, त्याने ओढलेली रेघ ना वाऱ्याने उडे, ना पाण्याने वाहून जाई.

"मोबदला काय घेशील?" राजाने विचारले.

"जे कोणत्याच वाट्यात बसणार नाही, ते माझं," अर्गल म्हणाला.

राजा मनमोकळेपणाने हसला. "माझ्या वाटणीत काही उरत नसतं."

"मग तुझं नुकसान नाही. रेघेवर हात ठेव, आणि शपथ घे, की ही वाटणी खरी आहे."

राजाने हात ठेवला, शपथ घेतली. अर्गलने झोळी मोकळी केली. भस्माच्या रेघा नद्या ओलांडून गेल्या, डोंगर चढून उतरल्या, आणि भर दुपारी पृथ्वीचे तीन वाटे झाले. एक भाकरीचा, एक भाताचा, एक दुधाचा. राजा तृप्त मनाने जेवायला बसला. शेजारी केतकी बसली होती. तिने घास उचलला, तोंड उघडले, आणि ती नाहीशी झाली.

घास ताटात पडला. राजा त्या घासाकडे बघत राहिला.

बाहेर साऱ्या नगरातून एकच आक्रोश उठला. पाळण्यातली, अंगणातली, झाडावर चढलेली, सारी लेकरे गेली होती. पठारावरून गेली, किनाऱ्यावरून गेली, कुरणातूनही गेली. प्रत्येकाची आई एका मुलखाची आणि बाप दुसऱ्या मुलखाचा. कोणते लेकरू कोणत्या वाट्यात बसणार होते?

राणी रडली नाही. ती राजासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आणा माझी लेक."

त्या वेळी खिडकीवर एक टिटवी येऊन बसली. ती धापा टाकत होती आणि रागाने लाल झाली होती.

"राजा, माझी अंडी दे," टिटवी म्हणाली.

"तुझी अंडी मी घेतली नाहीत."

"नदीच्या वाळूत माझं घरटं. तुझी रेघ बरोबर त्याच्यावरून गेली. अर्धी अंडी इकडे, अर्धी तिकडे. तुझ्या त्या मांत्रिकाने झोळीत भरली आणि चालता झाला. मी पाठलाग केला. तो कुठे राहतो ते मला ठाऊक आहे. उठ आता, बसलास काय?"

राजाशी असे कोणी बोलत नसे. पण राजा उठला. राणीने शिदोरी बांधली, आणि तिघे निघाले. टिटवी पुढे, तिच्यामागे राणी, आणि राणीमागे तुलासेन राजा, ज्याची वाटणी कधी चुकली नव्हती.

तिन्ही रेघा जिथे मिळत, तिथे काट्यांचे मोठे कुंपण होते. कुंपणाच्या आत हिरवेगार अंगण होते आणि अंगणात साऱ्या पृथ्वीची लेकरे खेळत होती. त्यांना खायला होते, झोपाळे होते, लाकडी घोडे होते. पण आवाज नव्हता. एवढी पोरे, आणि एकही ओरडत नव्हते, भांडत नव्हते, रडत नव्हते. कडेला शिरीषाचे एक झाड फुलले होते, आणि त्याखाली मातीच्या वाटीत टिटवीची अंडी नीट ठेवलेली होती.

केतकी कुंपणापाशी वाळूत खड्डा करत बसली होती. राणीने काट्यांतून हात घातला.

"केतकी!"

लेकीने मान वर केली. तिने आईकडे पाहिले, बापाकडे पाहिले, आणि वाटसरूंकडे पाहावे तसे पाहून ती पुन्हा खड्डा करू लागली. राजाने आजवर युद्धे पाहिली होती, पण असा मार त्याला कधी बसला नव्हता. त्याने कुंपणाचा काटा मुठीत धरला, आणि हातातून रक्त आले तेही त्याला कळले नाही.

"ती कोणाचीच नाहीत," मागून अर्गल म्हणाला. "म्हणून त्यांच्या ओळखीचं कोणी नाही."

"ही माझी मुलगी आहे!"

"मग ती कोणत्या वाट्याची?"

राजाने राणीकडे पाहिले.

"तुझी शपथ खरी असेल, तर ती सिद्ध कर," अर्गल म्हणाला. "पठारावरून एक दाणा आण. किनाऱ्यावरून एक गाठ आण. कुरणातून एक हाक आण. जे आणशील ते त्या वाट्याचंच असावं, दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागलेला नसावा. तिन्हींतलं एक जरी निखळ निघालं, तरी सारी लेकरं परत देईन. शिरीषाचा बहर झडेपर्यंत मुदत. नंतर ती मला बाप म्हणतील."

शेवटचे वाक्य बोलताना त्याचा आवाज जरा हलला. पण राजाचे तिकडे लक्ष नव्हते. त्याला हायसे वाटले होते. तिन्हींतले एक! एवढ्या मोठ्या पृथ्वीवर एक निखळ वस्तू सापडणार नाही? त्याने हाक भरून आणायला पोकळ भोपळ्याची एक तुंबडी मागून घेतली आणि तो घाईने निघाला. आपण काय सोडून चाललो आहोत हे राणीला माहीत होते, म्हणून ती दोनदा मागे वळून आली.

आधी पठार. तिथली लाल कणसाची ज्वारी जगात प्रसिद्ध. तिच्यासारखी भाकरी कुठेच फुगत नाही आणि तिचे बियाणे पठाराबाहेर कोणी कधी दिले नाही. सगळ्यांत जुने बियाणे कोणाकडे, असे विचारत राजा एका म्हातारीच्या दारात आला. तिचे नाव रखमाई. तिने आधी गूळपाणी दिले, मग कणगीत हात घालून मूठभर दाणे काढले.

"आजी, हे निव्वळ पठाराचंच ना?" राजाने विचारले.

"मंग? पठाराचंच की. दुसऱ्या कुनाच्यात न्हाई असलं," म्हातारी म्हणाली. राजाने हात पुढे केला. "माज्या आजेसासूनं आनलं हुतं वटीत बांदून. कुरनातली हुती ती. तिकडं म्हनं मेंढरं राखता राखता येचायच्या ह्ये दानं. इथं यिऊन पेरलं, तवापास्नं आमचंच. आजून पेरताना तिचं नाव घितो न्हवं का आम्ही."

राजाचा हात तसाच राहिला. राणीने तो हळूच खाली केला. दाणा मात्र त्यांनी बांधून घेतला, कारण म्हातारीने प्रेमाने दिला होता.

मग किनारा. राणीचे माहेर. लाटांचा आवाज ऐकताच राणीचे पाय भराभर पडू लागले, आणि राजाला तिच्या मागे धावावे लागले. किनाऱ्याची जाळी एका खास गाठीने विणत. ती गाठ ओल्याने सुटत नसे, मासा कितीही झटला तरी तुटत नसे, आणि ती परक्याला शिकवायची नाही, अशी कोळ्यांची आण होती. तिथला म्हातारा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य, राणीला लहानपणापासून ओळखत होता.

"आमच्या वेलूक नाय म्हणूचंय कसा?" तो म्हणाला, आणि त्याने दोरीच्या तुकड्यावर गाठ मारून दिली.

"ही गाठ किनाऱ्याचीच?" राजाने विचारले. या वेळी त्याने श्वास रोखला होता.

तांडेलने गाठ बोटांत फिरवली. "म्हाराज, खोटा कित्याक बोलू? माका ही माझ्या आवशीन शिकवल्यान. ती कुरणातली. थंय कोकरां बांधूक हीच गाठ मारतत. आमी फकत माशांक लावली."

परतीच्या वाटेवर शिरीषाची झाडे लागली. त्यांच्या फुलांचा सडा वाटेवर पडू लागला होता. टिटवी म्हणाली, "राजा, तुझी पृथ्वी फार गोंधळलेली आहे."

पण राजाच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो रस्त्यातच उभा राहिला. "दाणा कुरणातून आला. गाठ कुरणातून आली. राणी, अगं, म्हणजे सगळं कुरणातूनच आलं! मग जे कुरणाचं आहे ते तरी निखळ असणारच ना?"

राणीने त्याच्याकडे पाहिले. कित्येक दिवसांनी तो लहान मुलासारखा हसत होता. तिलाही आशा वाटली.

कुरण म्हणजे नजर पोचेल तिथवर गवत. ऊन कलले, आणि एका टेकाडावर एक मेंढपाळीण उभी राहिली. तिचे नाव धुरपा. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि हाक दिली, "योऽऽ होऽऽ ये!" हाकेत 'ये'वाचून शब्द असा नव्हता. पण गवतात पसरलेली कोकरे माना वर करून धावत सुटली. राजालाही एकदम आपण कुठेतरी जायला उशीर करतो आहोत असे वाटले, आणि त्याला भूक लागली. त्याने तुंबडी पुढे धरली, धुरपाने पुन्हा हाक दिली, आणि राजाने बूच लावले.

"ही हाक तुम्हाला कोणी शिकवली? ओटीतून आणली का कोणी? कोणाची आई, कोणाची आजेसासू?" राजाने सगळे विचारून घेतले. तो आता शहाणा झाला होता.

"न्हाई बा," धुरपा म्हणाली. "गवत हाय तवापासून ही हाक हाय. आमच्या आया अशाच हाका मारत आल्यात."

राजाने तुंबडी छातीशी धरली. निखळ! त्याला नाचावेसे वाटले, आणि राजा असूनही तो थोडा नाचला. मग त्याचे राणीकडे लक्ष गेले. राणीचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

राणी चालू लागली. गवत मागे पडले, टेकड्या मागे पडल्या, तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "माझी आई संध्याकाळी खडकावर उभी राहून होड्यांना हीच हाक द्यायची. अशीच. शेवटचा सूरसुद्धा असाच वर न्यायची."

राजा जागीच थांबला.

"आणि मी रोज केतकीला जेवायला बोलावते ती याच हाकेने. आपण दरबारात असता, महाराज. आपण कधी ऐकली नाही."

दोघे रस्त्याच्या कडेला बसले. कुरणाने ही हाक किनाऱ्याकडून घेतली, की किनाऱ्याने कुरणाकडून, कोण सांगणार? पण ती एकट्या कुरणाची नव्हती, एवढे खरे.

"कोणाला सांगू नका," राणी म्हणाली. तिने राजाचा हात घट्ट धरला. "अर्गलला काय कळणार आहे? मला माझी लेक हवी."

"मी आजवर खोटा वाटा सांगितला नाही, वेलावती."

"आजवर केतकी हरवली नव्हती."

राजाने खाली पाहिले. त्याच्या अंगरख्यावर एक जुना, पुसट पिवळा डाग होता. त्यावर तो अंगठा फिरवत राहिला. आयुष्यभर त्याने एकच गोष्ट जपली होती, ती म्हणजे आपला शब्द. पण त्या शब्दाला काही कोणी कडेवर घेऊन झोपवू शकत नाही. तो उठला आणि म्हणाला, "खोटं बोलेन."

"मी काही ऐकलं नाही," टिटवी म्हणाली. "माझी अंडी आत आहेत."

ते पोचले तेव्हा शिरीषावर मोजकेच तुरे उरले होते. अर्गल कुंपणाच्या दाराशी बसला होता. आतली लेकरे त्याच्या जवळजवळ घोटाळत होती, आणि एक बारका तर त्याच्या पाठीला टेकून झोपला होता. अर्गल त्याला जाग येऊ नये म्हणून हलत नव्हता.

"दाणा?" त्याने विचारले.

"निखळ नाही," राजा म्हणाला.

"गाठ?"

"तीही नाही."

"हाक?"

राजाने तुंबडी त्याच्या हातात दिली. राणी त्याला खेटून उभी होती.

"शपथेवर सांग, राजा. ही एकट्या कुरणाची आहे?"

"ही..." राजा म्हणाला. त्याने केतकीकडे पाहिले. "ही हाक एकट्या कुरणाची आहे."

"ऐकू दे," अर्गल म्हणाला, आणि त्याने बूच काढले.

"योऽऽ होऽऽ ये!"

हाक कुंपणावरून, झोपाळ्यांवरून, शिरीषावरून गेली. अंगणातली सारी पोरे जागच्या जागी थबकली. केतकीच्या हातातली वाळू गळून पडली. तिने मान वर केली. तिच्या कपाळावर एक आठी पडली, कुठले तरी नाव आठवताना पडते तशी.

"आल्ये गं आई!" ती ओरडली.

आणि ती एकटी नव्हती. "आलोऽ!" पठाराचे एक पोर किंचाळले. "आयलंय!" "आलू!" "आले, आले!" झोपाळे रिकामे झाले, लाकडी घोडे उलथले. भाकरीच्या घरातली, भाताच्या घरातली, दुधाच्या घरातली सारी लेकरे एकमेकांना ढकलत, पडत, रडत, भांडत कुंपणाकडे धावली. प्रत्येकाला कोणीतरी कधीतरी याच हाकेने घरी बोलावले होते.

राजाचाही पाय पुढे पडला. "आलो," तो पुटपुटला, आणि स्वतःच चकित झाला. आमराईत उंडारणाऱ्या लहानग्या तुलासेनाला त्याची आई अशीच हाक मारत असे. वाटे करण्याच्या नादात तो ते सारे विसरून गेला होता.

मग त्याने अर्गलकडे पाहिले. म्हातारा मांत्रिक उठून उभा राहिला होता. पाठीशी झोपलेले पोर जागे झाले होते, झोळी पायाशी पडली होती, आणि भस्म सांडले होते. त्याची मान नेहमीसारखी खाली नव्हती. तो दूर कुठेतरी पाहत होता, आणि त्याचे ओठ हलले होते. "आलो, माय," असे काहीसे.

राजाला आता खोटे बोलता आले नाही. खोटे बोलायची गरज उरली नव्हती म्हणून नव्हे. गरज होतीच. अजून कुंपण मिटलेले होते आणि केतकीची बोटे काट्यांपलीकडे होती. पण ती त्याच्याकडे बघत होती, ओळखीने बघत होती, आणि लेक अशी बघत असताना राजाला खरेच बोलावेसे वाटले.

"अर्गल," तो म्हणाला, "मी आत्ता खोटं बोललो. हाक सगळ्यांची आहे. दाणाही, गाठही. मी पृथ्वीचे वाटे केले ते चुकीचे केले." पुढचे शब्द त्याने जन्मात कधी उच्चारले नव्हते. "माझी वाटणी चुकली. माझी शपथ मी मोडतो."

भस्माच्या रेघा जशा एका क्षणात आखल्या गेल्या होत्या, तशाच एका क्षणात पुसल्या गेल्या. काट्यांचे कुंपण गवत होऊन जमिनीवर आडवे पडले. केतकी धावत आली ती आधी आईच्या कमरेला, मग बापाच्या गळ्याला बिलगली, आणि तिने वाळूने भरलेले हात राजाच्या अंगरख्याला पुसले. राजा ढसाढसा रडला. राणी मात्र हसत होती, कारण रडायचे काम राजाने अंगावर घेतले होते. टिटवी अंड्यांवर जाऊन बसली आणि म्हणाली, "आता कोणी माझ्याशी बोलू नका."

अर्गल एकटाच उभा होता.

"वाटे नाहीत, म्हणजे उरलेलंही काही नाही," तो म्हणाला. "माझा मोबदला गेला. राजा, एक विचारू? तुझे दूत घरोघरी गेले. मला तू कोणत्या वाट्यात घातलं होतंस?"

राजाने मान खाली घातली. "तुला विचारायचं राहूनच गेलं."

"नेहमीच राहतं. तिन्ही मुलखांच्या मध्यावर मी जन्मलो. आई लवकर गेली. पठार म्हणालं किनाऱ्याचा, किनारा म्हणाला कुरणाचा, कुरण म्हणालं पठाराचा. म्हणून म्हटलं, जे कोणाचं नाही ते आपण सांभाळावं." त्याने अंगणाकडे पाहिले. "आवाज नव्हता, पण सोबत होती."

सारी लेकरे आता तान्ह्यांना कडेवर घेऊन, आपापल्या घरच्या वाटा ओळखून हाका मारत पळत होती. अंगण भराभर रिकामे होत होते. केतकी बापाच्या कडेवरून खाली उतरली, अर्गलपाशी गेली, आणि तिने त्याचे एक बोट धरले. त्याने इतके दिवस तिला खाऊ घातले होते, एवढे तिला माहीत होते.

"चला, अर्गलदादा," राणी म्हणाली. "घरी जाऊन आधी जेवू. काय वाढायचं ते पाहुण्यालाच विचारू."

पुढे तिन्ही मुलखांचे जाणते पुन्हा राजाकडे आले तेव्हा त्यानेही त्यांना हेच सांगितले. ते थोडा वेळ एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग इतके सोपे आपल्याला कसे सुचले नाही म्हणून चिडून घरी गेले. पृथ्वी पुन्हा पूर्वीसारखी गोंधळलेली झाली. नवऱ्या दूरदूरच्या मुलखांतून येत राहिल्या, आणि राजाने पुढे शेते वाटली, तळी वाटली, पण माणसांना हात लावला नाही.

लेकरे सुटली त्या दिवशी मात्र ते चौघे घराकडे निघाले होते, आणि वाटेत एक गाव लागले. गाव कोणाचे, पठाराचे की कुरणाचे, ते आता सांगता येत नव्हते. ऊन उतरले होते. एका ओसरीवरून कोणी बाई आपल्या पोराला हाक मारत होती, आणि तिच्या आवाजात इतक्या दिवसांची धास्ती व आताची सुटका दोन्ही होत्या. केतकीने वळून पाहिले. राजाने वळून पाहिले. आणि मान खाली घालून चालणारा अर्गल वळून पाहता पाहता थेट त्या ओसरीपर्यंत जाऊन पोचला.

बाईने त्याच्याकडे पाहिले. तिने त्याला कोणाचा, कुठला म्हणून विचारले नाही. "या," ती म्हणाली, आणि आणखी एक पाट मांडला.

ज्यांनी ही कथा ऐकली त्यांच्या घरची हाक कधी रिकामी न जावो, आणि ज्यांना हाक मारणारे कोणी नाही, त्यांना ती शेजारच्या ओसरीवरून ऐकू येवो.